खालसा झालेले राज्य आणि जमिनीची मालकी : एक संवाद

शंकाकार : भारताचा ब्रिटिश राजमुकुटाशी असलेला संबंध 26 जानेवारी 1950 रोजी संपला, असे सर्वत्र गृहीत धरले जाते; परंतु नागपूर आणि वऱ्हाड या दोन मुलखांच्या इतिहासावर हे गृहीतक घासून पाहिले, तर ते अर्धेच खरे ठरते. तिसरे रघुजी भोसले 11 डिसेंबर 1853 रोजी निपुत्रिक वारले आणि लॉर्ड डलहौसीने मार्च 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले, म्हणजे मधला राजा दूर करून मुलूख थेट कंपनी सरकारच्या ताब्यात घेतला. त्यासाठी लढाई झाली नव्हती आणि भोसल्यांनी कोणता तहही मोडला नव्हता. राजाला औरस पुत्र नाही व हयातीत त्याने दत्तक घेतलेला नाही, एवढ्या कारणावर सुमारे 80 हजार चौरस मैलांचा प्रदेश वरिष्ठ धन्याकडे परत आला, असे ठरवण्यात आले. वारस नसेल तर जमीन वरच्या सरदाराकडे किंवा राजाकडे जाते, हे सूत्र युरोपातील सरंजामी जमीनधारणेचे होते. ते दत्तकाला औरसाइतकाच वारस मानणाऱ्या समाजावर लादले गेले. वृद्ध बांकाबाईसाहेब आणि राजपरिवार यांनी यशवंतराव अहिरराव यांना जानोजी या नावाने पुढे आणून केलेली दाद फेटाळली गेली. पुढे 1858 मध्ये कंपनीकडून हा मुलूख राणीकडे गेला, 1947 मध्ये राजाच्याच नावाने चालणाऱ्या अधिराज्याकडे, म्हणजे डोमिनियनकडे आला आणि 1950 मध्ये गणराज्याकडे. या साखळीतील कोणत्याही कडीवर 1854 च्या कृत्याची पुन्हा तपासणी झाली नाही. जमिनीवरील सरकारी हक्काचा उगम जर अजूनही डलहौसीचा निर्णयच असेल, तर 1950 मध्ये नेमका कोणता संबंध तुटला, हे सांगावे लागेल.

गणराज्यवादी : हक्काचा उगम आणि हक्काचे अधिष्ठान या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या एक मानल्यामुळेच हा पेच दिसतो. संविधानसभेने आपला अधिकार ब्रिटिश संसदेकडून मिळाल्याचे मानले असते, तर ज्या स्वातंत्र्य कायद्याने भारत अधिराज्य झाला, तो कायदा तिने रद्द केला नसता. अनुच्छेद 395 ने तो रद्द केला. ज्या शिडीने वर आलो ती आपल्या हाताने बाजूला केली आणि सत्ता लोकांपासून निघते असे उद्देशिकेत लिहिले. याचा अर्थ असा की, 1854 मधील कृत्य बरोबर होते की चूक, या प्रश्नावर गणराज्याची वैधता अवलंबून राहिली नाही. दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. डलहौसीचा निर्णय अन्यायाचा होता हे मान्य केले, तर मुलूख कोणाला परत द्यायचा? भोसल्यांना दिला, तर त्यांच्याआधीच्या गोंड राजघराण्याचे काय? नागपूर शहर अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडच्या बख्त बुलंद शाहने वसवले. त्याचा वारस चांद सुलतान याच्या मृत्यूनंतरच्या भाऊबंदकीत पहिल्या रघुजींना मदतीसाठी बोलावले गेले आणि 1743 पर्यंत मदतनीसच धनी झाला. इतिहासातील प्रत्येक ताबा आधीच्या ताब्यावर उभा आहे. मागे मागे जात राहिले तर कोणत्या तारखेला थांबायचे, याचे तत्त्व शंकाकारांनी आधी मांडले पाहिजे.

शंकाकार : तारीख निवडण्याचा आग्रह येथे नाही, आणि कोणत्याही राजघराण्याला मुलूख परत द्यावा अशी मागणीही नाही. प्रश्न सत्तेच्या स्वरूपाचा आहे. पहिल्या रघुजींनी गोंड राजा बुऱ्हाण शाहला गादीवरून घालवून दिले नाही. नामधारी राजपद, नागपुरातील वास्तव्य आणि उत्पन्नातील वाटा त्या घराण्याकडे राहू दिला. स्वतः रघुजींचे सेनासाहेबसुभा हे पद साताऱ्याच्या छत्रपतींनी दिलेले होते. वऱ्हाडात तर निजाम आणि भोसले या दोघांचे अंमलदार एकाच मुलखातून वसूल घेत, ज्याला दुअमली म्हटले जाई. ही व्यवस्था न्यायाची होती असे नव्हे, पण तिच्यात एकाच जमिनीवर अनेकांचे वेगवेगळ्या दर्जाचे हक्क एकाच वेळी असू शकत होते, आणि नवा विजेता आधीच्याचा हक्क पूर्ण पुसत नव्हता. कंपनीने आणलेली कल्पना निराळी होती. तिच्या मते सार्वभौम सत्ता अखंड असते, ती एकाकडेच असते, आणि ती बदलली की आधीचे सर्व हक्क नव्या धन्याच्या मर्जीवर जगतात. शिवाय कंपनी स्वतःच्या सोयीने तत्त्व बदलत होती. सीताबर्डीच्या नोव्हेंबर 1817 च्या लढाईनंतर राजा अप्पासाहेब भोसले यांना पदच्युत करून कंपनीने ज्या बालकाला 1818 मध्ये गादीवर बसवले, ते दुसऱ्या रघुजींच्या मुलीचे अपत्य होते आणि दत्तक घेऊनच वारस झाले होते. तेच तिसरे रघुजी. जो दत्तक 1818 मध्ये चालला, तो 1853 मध्ये चालला नाही, कारण मधल्या काळात वऱ्हाड-नागपूरच्या कापसाचे मोल इंग्लंडला कळले होते. डलहौसीच्या टिपणात कापसाचा उल्लेख उघडपणे आहे. त्याच्याच मंडळातील कर्नल जॉन लो यांनी या निर्णयाविरुद्ध मत नोंदवले होते. म्हणजे अन्याय आहे हे समजण्यासाठी आजच्या काळाची नजर लागते, असेही म्हणता येत नाही.

गणराज्यवादी : अन्यायाबद्दल दुमत नाही. राजवाड्यातील हत्ती, घोडे, बैल मातीमोल विकले गेले, जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले, आणि पुढे दत्तकाची सनद देण्याचे धोरण इंग्रजांनी स्वीकारले तरी नागपूरचे राज्य परत मिळाले नाही; जानोजींना सातारा जिल्ह्यातील देऊर गावाच्या नावाने 'राजेबहादूर' हा किताब तेवढा मिळाला. परंतु हक्कांच्या वाटपाचे जे चित्र शंकाकार उभे करतात, त्यात वाटा कोणाला मिळत होता ते पाहिले पाहिजे. राजांचे, सरदारांचे, सुभेदारांचे हक्क एकमेकांत गुंतलेले होते. कुणब्याचा हक्क त्या गुंत्यात कुठे होता? दुअमलीचा अर्थ वऱ्हाडातील रयतेपुरता एवढाच होता की वसुलीला दोन धनी येत. पहिल्या रघुजींच्या फौजांनी 1741 पासून दहा वर्षे बंगालवर स्वाऱ्या केल्या, आणि तेथील लोकस्मृतीत मराठ्यांचे नाव कशासाठी राहिले हे नागपूरकरांनीही विसरू नये. म्हणून अखंड सार्वभौमत्वाची कल्पना परकी असली, तरी ती लोकांच्या हाती आल्यावर तिने जे करून दाखवले ते आधीच्या कोणत्याही वाटपाला जमले नव्हते.

वऱ्हाडचे उदाहरण येथे अधिक बोलके आहे. देवगावच्या तहाने 1803 मध्ये भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि तो निजामाकडे गेला. पन्नास वर्षांनी, 1853 मध्ये, हैदराबाद कंटिन्जंट या इंग्रजी अधिकाऱ्यांच्या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने तोच मुलूख कंपनीच्या हवाली केला. 1902 मध्ये कर्झनने तो वर्षाला 25 लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतला. पट्टा कायमचा, तरी मालक निजाम! 1936 च्या करारात तर निजामाला 'हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम' हा किताब, त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हे पद आणि वऱ्हाडात इंग्रजी निशाणाशेजारी निजामाचे निशाण लावण्याची मुभा मिळाली. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ या जिल्ह्यांतील माणसे नागपूरच्या विधिमंडळात प्रतिनिधी पाठवत होती आणि कागदोपत्री एका अशा राजाची प्रजा होती, ज्याचा अंमल त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिला नव्हता. कोणत्याही टप्प्यावर त्यांना विचारले गेले नाही. 1947 मध्ये निजामाने वऱ्हाडचा प्रश्न पुन्हा पुढे केला, तेव्हा अन्यायाने घेतलेला मुलूख मूळ मालकाला परत द्यावा हे तत्त्व जर कोणी पाळले असते, तर वऱ्हाड हैदराबादेत गेला असता. शंकाकारांच्या युक्तिवादाचा हा परिणाम त्यांना मान्य आहे काय?

शंकाकार : मान्य नाही, आणि तसा तो निघतही नाही, कारण 1803 मध्ये भोसल्यांकडून हिसकावून निजामाला दिलेल्या मुलखाची निजामाची पूर्ण मालकी हीच मुळात इंग्रजांच्या देणगीची होती. परंतु वऱ्हाडच्या प्रकरणातून दुसरा धडा घ्यावा लागतो. नाममात्र राजसत्ता निरुपद्रवी असते, असे मानण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात वऱ्हाड परत मागणाऱ्या निजामाला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने मार्च 1926 मध्ये जे उत्तर दिले, त्यातूनच ब्रिटिश मुकुटाची सत्ता सर्व तह-करारांच्या वर आहे, हा सिद्धांत सर्वांत उघड शब्दांत मांडला गेला. निजामाचे नाममात्र सार्वभौमत्व जपल्यामुळे मुकुटाचे खरे सार्वभौमत्व अधिक घट्ट झाले. नावाला जपलेली सत्ता कोणाच्या तरी उपयोगाची असते, म्हणूनच ती जपली जाते. याच न्यायाने भारत आणि मुकुट यांच्यातील उरलेल्या संबंधाकडे पाहिले पाहिजे. 15 ऑगस्ट 1947 नंतरही सहावे जॉर्ज भारताचे राजे होते. सम्राट हे बिरुद त्यांनी जून 1948 मध्ये सोडले, तरी राजेपण राहिले. नागपूरचे उच्च न्यायालय जानेवारी 1936 मध्ये राजाच्या पेटंटपत्राने, म्हणजे राजाज्ञेच्या लेखाने स्थापन झाले होते आणि त्याच्या निकालांवर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाणारी अपिले ऑक्टोबर 1949 मध्ये बंद झाली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लंडनच्या जाहीरनाम्याने गणराज्य होऊ घातलेल्या भारताने राजाला राष्ट्रकुलाच्या मुक्त सहकार्याचे प्रतीक आणि प्रमुख म्हणून स्वीकारले. ज्या शहरात जमशेटजी टाटांची कापडगिरणी 1 जानेवारी 1877 रोजी, राणीला सम्राज्ञी घोषित करण्याच्या दिवशीच सुरू झाली आणि तिला एम्प्रेस हे नाव मिळाले, गिरणी बंद पडून त्या जागी मॉल उभा राहिला तरी नाव तेच राहिले, त्या शहराला या संबंधाची सवय झाली आहे.

गणराज्यवादी : नावे राहिली म्हणून सत्ता राहिली, हा निष्कर्ष शंकाकारांसारख्या अभ्यासकाला शोभत नाही. लंडनच्या जाहीरनाम्यातील प्रमुखपणाला भारतात कोणताही कायदेशीर अधिकार नाही. त्या पदाच्या नावाने येथे कायदा होत नाही, न्याय दिला जात नाही, शपथ घेतली जात नाही. उलट, भारताच्या त्या निर्णयामुळेच राजाला आपला राजा न मानताही राष्ट्रकुलात राहण्याची वाट खुली झाली. 30 नोव्हेंबर 2021 रोजी बार्बाडोस गणराज्य होऊन राष्ट्रकुलात राहिला, तो याच वाटेने. प्रतीकांची चर्चा येथे थांबवावी, कारण तिच्यात वेळ जातो आणि जमिनीचा मूळ प्रश्न मागे पडतो.

शंकाकार : तर मग जमिनीकडेच वळावे. 1879 च्या मुंबई जमीन महसूल संहितेने असे ठरवले होते की, जी जमीन कोणा व्यक्तीची मालमत्ता म्हणून सिद्ध होत नाही, ती सरकारची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 मध्ये आली. तिच्या कलम 20 मध्ये तोच नियम आहे, फक्त सरकारऐवजी राज्य शासन. संविधानाच्या अनुच्छेद 296 नेही, वारस नसल्यामुळे जी मालमत्ता पूर्वी राजाकडे किंवा संस्थानिकाकडे गेली असती, ती आता राज्याकडे किंवा संघराज्याकडे जाईल, असे ठरवले आहे. सार्वजनिक वापरासाठी बेवारस मालमत्ता शासनाकडे जाणे यात गैर काही नाही. परंतु ज्या शहराचे राज्यच वारस नसल्याच्या सबबीवर गेले, तेथे या नियमाचा वंश ओळखता आला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये गुजरातमधील एका संस्थानी जंगलाच्या वादात प्रिव्ही कौन्सिलचा जुना सिद्धांत कायम ठेवला: सत्तांतर झाले की आधीच्या राजाने दिलेले हक्क नव्या सत्तेने मान्य केले तरच टिकतात. याच्या उलट, जेथे ब्रिटिश राजा अजूनही राष्ट्रप्रमुख आहे, त्या ऑस्ट्रेलियात सर्वोच्च न्यायालयाने 1992 च्या माबो खटल्यात सांगितले की, मुकुटाचे सार्वभौमत्व आले म्हणून मूळ रहिवाशांचा जमिनीवरील हक्क आपोआप संपत नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी लोक 1840 च्या वैतांगी तहाचा भंग झाल्याची तक्रार 1975 पासून एका न्यायाधिकरणासमोर मुकुटाविरुद्धच मांडतात. वचन देणारा पक्ष अजून समोर उभा आहे, म्हणून त्याला जाब विचारता येतो. भारतात राजाचे नाव गेले, त्याच्याबरोबर जाब विचारण्याची जागाही गेली, आणि हक्क मात्र जसाच्या तसा शासनाकडे आला.

गणराज्यवादी : हा आक्षेप आतापर्यंतच्या आक्षेपांत सर्वांत वजनदार आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. सत्तांतरानंतरही जुने हक्क टिकतात हा नियम येथे 1950 मध्ये लागू झाला असता, तर त्याचा पहिला लाभ कोणाला झाला असता? मालगुजारांना, जहागीरदारांना, इनामदारांना. मध्य प्रांतात इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकातील जमाबंदीत गावाचा वसूल गोळा करणाऱ्या मालगुजाराला गावाचा मालक करून टाकले. भोसल्यांच्या काळात जो मक्तेदार होता, तो इंग्रजी कागदावर जमीनमालक झाला. ही मालकी 1950 च्या कायद्याने संपवली आणि 31 मार्च 1951 रोजी नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या जिल्ह्यांतील मालगुजारी गावे शासनाकडे आली. सार्वभौम सत्तेचा हक्क अखंड नसता, तर हे शक्य झाले नसते. संस्थानिकांच्या तनख्यांचेही तसेच: 1971 च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने ते बंद झाले, आणि दिलेला शब्द मोडला अशी टीका झाली तरी समतेच्या बाजूने ते आवश्यक होते. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात मूळ रहिवासी कोण आणि वसाहतवाले कोण हे स्पष्ट आहे. येथे मालगुजार, कूळ, गोंड, कोहळी, भोसल्यांचे मानकरी हे सारे याच मातीतले आहेत.

शंकाकार : मालगुजारी संपवली हे योग्यच झाले, पण मालगुजारीबरोबर काय काय शासनाकडे गेले, ते भंडारा-गोंदियाच्या कोणत्याही गावात पाहता येते. तेथील कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून तलाव बांधले. पाळ कोठे घालायची, कोणत्या बांधीला कोणत्या क्रमाने पाणी द्यायचे, गाळ कोणी काढायचा आणि मासळी कोणाची, याच्या गावरीती होत्या; जमाबंदीच्या वेळी वाजिब-उल-अर्ज या गावरिवाजांच्या नोंदवहीत आणि पुढे निस्तार पत्रकात गावकऱ्यांचे पाणी, चराई, जळण यांचे हक्क लिहिलेही गेले होते. 1951 नंतर हे तलाव 'माजी मालगुजारी तलाव', बोलीत मामा तलाव, या नावाने शासनाच्या यादीत आले. मालगुजाराची मालकी काढून घेणे आणि गावाची व्यवस्था काढून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. अखंड हक्काच्या कल्पनेने त्या एकाच घासात गिळल्या. त्यानंतर पाळ फुटली की गावकरी दुरुस्तीसाठी कचेरीकडे पाहू लागले, तळात गाळ साचत गेला, आणि अनेक ठिकाणी तलावाच्या पोटात अतिक्रमणे उभी राहिली. नागपूर शहरातील नझूल जमिनींची कथाही याच जातीची आहे. नझूल म्हणजे वस्तीच्या हद्दीतील शासनाच्या मालकीची बिगरशेती जमीन, जी बहुधा 30 वर्षांच्या पट्ट्याने दिली जाते. पट्टेदाराने घर बांधले, मुले-नातवंडे तेथेच वाढली, तरी आखीव पत्रिकेवर धारक म्हणून त्याचे नाव आणि मालक म्हणून शासन. भूभाटक, म्हणजे जमिनीचे भाडे, थकले किंवा पट्ट्याचे नूतनीकरण राहिले की घराची विक्री अडते, कर्ज अडते. अलीकडे शासनाने ठरावीक रक्कम भरून अशा जमिनी पूर्ण मालकीच्या करून देण्याची अभय योजना आणली. पण जी मालकी शासन विकत देते, ती शासनाकडे कशी आली, हा प्रश्न त्या अर्जात विचारलेला नसतो.

गणराज्यवादी : नझूल जमिनीवरील शासनाचा हक्क नसता, तर शहरातील दवाखाने, शाळा, बाजार, बागा यांच्या जागा केव्हाच धनदांडग्यांनी बळकावल्या असत्या; शिवाय पट्टेदारालाही भाव वाढल्यावर मालकी हवी असते, तेव्हा तो इतिहासाचा अन्याय दूर करत नसतो. तलावांबाबतचा आक्षेप मात्र मान्य करावा लागेल, आणि तो मान्य केल्यावर गणराज्याच्या बाजूचा युक्तिवाद थोडा बदलावा लागेल. राजाकडून आलेला हक्क गणराज्याने स्वीकारला, हा दोष नव्हे. स्वीकारताना त्या हक्काची झडती घेतली नाही, ही उणीव. परंतु ही झडती पुढेही घेता येते, याचा पुरावा गणराज्याच्याच कायद्यात आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेत संसदेने लिहून ठेवले की, वसाहतकाळात आणि स्वतंत्र भारतातही सरकारी वने निश्चित करताना वनवासींच्या पिढीजात जमिनीवरील हक्कांची पुरेशी नोंद झाली नाही आणि त्यातून ऐतिहासिक अन्याय घडला. राजसत्तेच्या वारसाने आपल्या वारशातील चूक स्वतःच्या कायद्यात कबूल केली. हे मुकुटाने नव्हे, लोकांनी निवडलेल्या संसदेने केले.

शंकाकार : ती कबुली मोलाची आहे, आणि तिच्यातील 'स्वतंत्र भारतातही' हा भाग सर्वांत मोलाचा, कारण अन्याय राजाबरोबर संपला नाही हे त्याने मान्य होते. मात्र ती कबुली वनांपुरती आहे. गाव-तलावांबाबत, गायरानांबाबत, शहरातील नझूलबाबत तशी तपासणी कोणत्याही कायद्याने केलेली नाही. आणि जेथे शासनाला स्वतःला काही परत मिळवायचे असते, तेथे त्याची दृष्टी तीक्ष्ण असते. पहिल्या रघुजींची युरोपात घडवलेल्या पात्याची, मुल्हेरी घाटाच्या मुठीची तलवार, जिच्या पात्यावर 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा' ही अक्षरे सोन्याने भरलेली आहेत, महाराष्ट्र शासनाने एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे 47 लाख रुपये देऊन घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत आणली. ती येथून कशी गेली असावी याचा विचार करताना सीताबर्डीची लढाई आणि त्यानंतरची लूट यांची चर्चा झाली, ती योग्यच होती. तलवारीला जो प्रश्न विचारला गेला, तोच तलावाला आणि गायरानाला विचारावा, एवढीच मागणी आहे.

गणराज्यवादी : तो विचारायचा कोणी, यावर आता मतभेद उरतो. राजघराण्याच्या वंशजाने विचारला तर उत्तर एक, पट्टेदाराने विचारला तर दुसरे, आणि ग्रामसभेने विचारला तर तिसरे. यांपैकी ग्रामसभेचा प्रश्न गणराज्याच्या तत्त्वाशी सर्वांत जवळचा आहे, कारण ती वारसा सांगत नाही, वापर आणि जबाबदारी सांगते. शासनाकडे अंतिम मालकी राहावी आणि व्यवस्थापन ग्रामसभेकडे असावे, ही वाटणी पुरेशी मानता येईल.

शंकाकार : अंतिम मालकी ज्याच्याकडे, तो व्यवस्थापन परतही घेऊ शकतो; 1854 मध्ये नागपूरकरांनी हेच अनुभवले. म्हणून पुराव्याचा भार उलटा केला पाहिजे: जेथे निस्तार पत्रकात गावाचा हक्क लिहिलेला आहे, तेथे तो का संपला हे शासनाने सिद्ध करावे.

गणराज्यवादी : असा नियम करण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे, आणि तो करण्यासाठी राजाची गरज नाही. तो अजून केलेला नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू तोडणे, विकणे, जंगल राखणे हे सारे ग्रामसभेच्या हाती आले. त्या जमिनीची मालकी मात्र शासनाकडेच आहे.